हाललं का गं तिकडं?

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात सगळंच चिकट होतं. दाराच्या कड्या, पाण्याचा माठ, शाळेतून तपासायला आणलेल्या वह्या, मोबाइलची काच. तासगावच्या द्राक्षबागायतदाराशी लग्न केलं की एवढं चालवून घ्यावं लागतं. फेब्रुवारी सरत आला की शेडवर बायका कामाला येतात. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून काढायची, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायची आणि मग पंधरा दिवस हात बांधून बसायचं. त्या दिवसांत जे काही करायचं ते वारा करतो. हिरवा मणी आपल्यातच मिटत जातो, आणि मी येता-जाता नुसती बघत राहते.

मग झाडणीचा दिवस येतो. चार-चार बायका जाळ्या धरून गदागदा हलवतात आणि वाळलेले मणी खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर सांडतात. सगळं शेड थरथरतं, लोखंडी खांब कुरकुरतात. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर शेडवर जाते, चपला काढते आणि एका कोपऱ्यात पाय टेकवून उभी राहते. थरथर तळव्यातून पोटरीत चढते. बायकांना वाटतं, मॅडम देखरेखीला आल्या. मॅडम खरं म्हणजे माहेरी गेलेल्या असतात.

माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं जमीन हलते. रोज नाही, पण हलते. आणि हलली तरी कुणी बशीतला चहा खाली ठेवत नाही. एखादा परगावचा पाहुणा घाबरून दाराकडं धावला तर आमच्याकडची माणसं त्यालाच हसतात. "बसा वो पावणं, गेला त्यो," असं म्हणतात, जणू दारावरून कुणी ओळखीचा माणूस हाक न मारता पुढं गेला. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडची जमीन अशीच असते. आठवीत असताना कराडच्या मावशीकडं महिनाभर राहिले, तर तिथली निश्चल दुपार मला चुकल्यासारखी वाटली.

आईचं स्वतःचं यंत्र होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी तांब्या पालथा, आणि त्याच्या बुडावर एक फुलपात्र पालथं, जरासं कलतं ठेवलेलं. नुसतं किणकिणलं तर बारकं. सरकलं तर मधलं. खाली पडलं तर चूल सोडून अंगणात. मोठा भूकंप झाला तेव्हा आई परकरात होती. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, पण तांब्या आणि फुलपात्राची ही जोडी तिनं तेव्हापासून मोडली नाही. लग्न होऊन आली तीसुद्धा ती जोडी घेऊनच.

शेजारी जनाक्का. आईच्याच वयाची, दोघी विधवा, दोघींच्या अंगणांत दहा पावलांचं अंतर. जमीन हलली की दोघी आपापल्या दारात यायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "हाललं का गं तिकडं?" दहा पावलांवर वेगळं काय हलणार! मी भूगोल शिकायला लागल्यावर एकदा शहाणपणानं म्हणालेसुद्धा, की तुमच्या दोघींच्या खाली एकच खडक आहे, विचारता कशाला? जनाक्का म्हणाली, "इचारायचं असतंय, बाय." तेवढंच. मी वही उघडून बसले.

आता तोच भूगोल मी नववीच्या पोरांना शिकवते. भूकंपाचा धडा आला की त्यांना वर्गाबाहेर एका रांगेत उभं करते, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याला हलकेच ढकललं की ढकलणं पुढं पुढं जातं. पोरं तिथंच उभी असतात, प्रवास करतो तो धक्का. ही पहिली लाट, घाईची. मग आडवं झुलवायचं. ही दुसरी लाट, ती मागून येते, आणि घरं पाडते ती बहुतेक हीच. जितकं लांब जावं तितकं दोघींमधलं अंतर वाढत जातं. नंतर पोरांना बाकावर कान टेकवायला लावते आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बोटानं टकटक करते. हवेतून जे कळत नाही ते लाकडातून किती स्वच्छ कळतं, हे बघून त्यांचे डोळे मोठे होतात. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

का हलते जमीन? खाली खडक ताणलेले असतात, ताण साठत जातो आणि कुठंतरी एकदम सुटतो. आमच्या खोऱ्यात धरणाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं आणि आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त मिळतं, असं अभ्यासक म्हणतात. मी हे आईला समजावून सांगितलं होतं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं पानी उरावर घिऊन निजायचं म्हंजी कूस बदलावीच लागंल की तिला." मी पोरांना दोन्ही सांगते. परीक्षेत मात्र पहिलंच लिहा, असं बजावते.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आईनं मोठ्या बटणांचा मोबाइल घेतला. घरात रेंज नाही. अंगणाच्या टोकाला धुण्याचा दगड आहे, तिथं उभं राहिलं तर मिळते. पहिला फोन आला तेव्हा मी शेडवर होते, झाडणी चालली होती, डोक्यावरच्या जाळ्या धडधडत होत्या.

"हाललं का गं तिकडं?" आईनं विचारलं.

माझ्या भोवती सगळंच हलत होतं. मी म्हणाले, "व्हय आई, हाललं की."

"म्हंजी तुझ्यापातुर आलं म्हनायचं!" तिच्या आवाजात असा काही आनंद होता, की लग्नानंतर तसा मी ऐकलाच नव्हता. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की हललं ते बायकांनी हलवलेलं. पुढच्या वेळी मी घरात होते. ताटलीतलं पाणीही हललं नव्हतं, आणि मी खरं तेच सांगितलं. मग "बरं," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. ते "बरं" मला दिवसभर टोचत राहिलं. तिसऱ्या वेळेपासून मी सरळ खोटं बोलायला लागले.

आणि एकदा बोलायला लागल्यावर माणूस रंगत जातं. कधी खिडकीची काच वाजली, कधी कपाट करकरलं, कधी शेळी ओरडली. आमच्याकडं शेळी नाही. खोऱ्यातले बारके धक्के शंभरेक किलोमीटरवरच्या तासगावात कुणालाच जाणवत नाहीत. खडकातल्या खडकात विरून जातात. मला हे कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक. पण आईच्या मनात एक वाट तयार झाली होती. तिच्या पायाखालून निघालेली, कराडच्या संगमाखालून, आष्ट्याच्या उसाखालून, सगळ्या रस्त्यांच्या आणि विहिरींच्या खालून येऊन माझ्या फरशीशी थांबणारी. त्या वाटेनं ती मला भेटून जायची. दुपारी वर्गात फळ्यावर लाटांच्या रेघा काढताना मलाही ती वाट दिसायची, आणि खडू हातात तसाच राहायचा.

ज्या हंगामाबद्दल मी सांगतेय तो दोन वर्षांपूर्वीचा. द्राक्षाला गोडी चांगली उतरली होती, वारा कोरडा होता, आणि आईचे फोन वाढले होते. आठवड्यातून दोनदा, तीनदा. बारकी हाय, घाबरायचं न्हाई, असं तीच मला सांगायची. मी एका रविवारी एसटीनं गेले.

स्वयंपाकघराची मागची भिंत दगड-मातीची, वडिलांनी उभी केलेली. चुलीच्या वर तिला एक भेग होती. ती जुनीच. आई काय करायची, पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन भेगेवरून आडवा ओढायची. चुन्याचं बोट अखंड राहिलं तर भिंत जागेवर; तडकलं तर भेग वाढली. त्या रविवारी मी पाहिलं तर चुन्याची अकरा बोटं एकाखाली एक होती आणि सगळी मधोमध तुटलेली. काहींमध्ये माझी करंगळी जात होती. खाली चुलीवर चहा उकळत होता.

"आई, ही भित पडनार. माझ्यासंगं चल."

"पडंल तवा बगू."

"तासगावला सिमेंटचं घर हाय. एक खोली रिकामी हाय."

"आन् तिथं हालत न्हाई व्हय?"

"न्हाई हालत."

आई माझ्याकडं बघून हसली. मनापासून हसली. "शोभे, मला न्यायचं म्हनून खोटं बोलू नगंस. दर येळी इचारते की तुला. परवा तर कपातला चा सांडला म्हनालीस. तिथं बी हालतंयच, तर मग माझं घर सोडून कशाला यू?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते, अगदी ओठांवर आलं होतं, की आई, कधीच काही हललं नाही, चहा मी कधीच सांडला नाही. पण मग तिला कळलं असतं, की इतकी वर्षं ती धुण्याच्या दगडाशी उभी राहून एकटीच हलत होती. तिच्या पायाखालची वाट कुठंच पोचत नव्हती. मला ते सांगवेना. मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं म्हणजे आपली जीत, असं समजून आईनं मला चहा दिला.

परतीच्या एसटीत खिडकीची काच सबंध रस्ताभर वाजत होती. मला स्वतःचा राग आला होता. लेकीनं आईचं मन राखायला बोललेलं खोटं, यात वाईट काय, असं इतके दिवस वाटत होतं. त्याच खोट्यानं तिला त्या भिंतीखाली बसवून ठेवलं होतं. घरी आले तर आमचे हे म्हणाले, "आवं, खरं सांगून टाका की एकदा." दुसऱ्याची आई असली की असे सल्ले सुचतात. तरी मी ठरवलं, आता खरं बोलायचं. पुढचे फोन आले तेव्हा मी म्हणत गेले, "न्हाई आई, हितं काय हाललं न्हाई." आणि दर वेळी ती हसून म्हणत गेली, "लबाड!" खोटं बोलत होते तेव्हा माझ्यावर विश्वास होता, खरं बोलायला लागले आणि लबाड ठरले.

रोज शाळेत जाताना मी मनातल्या मनात त्या भिंतीला विनवायची. आणखी एक महिना थांब, परीक्षा संपू देत, मी येऊन बळजबरीनं नेते तिला.

झाडणीचा दिवस होता. दुपारचे तीन वाजले असतील. मी कोपऱ्यात पाय टेकवून उभी होते, बायका जाळ्या हलवत होत्या, आणि फोन आला.

"हाललं का गं तिकडं? आत्ता बारकं आलं हुतं. फुलपात्र किणकिणलं."

"न्हाई आई. खरंच न्हाई."

"लबाड! चा ठिवलाय चुलीवर, तसाच टाकून आले तुला सांगाया, आन् तू..." आणि तिचा आवाज बदलला. "आगं आगं, हाललं! लय..."

मग ट्रॉलीतून दगड ओतावेत तसा आवाज आला. मग काही नाही. फोन चालू होता, कानाशी नुसती खरखर. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण बायकांचे हात जागच्या जागी थांबले. सगळं शेड गप्प झालं. जाळ्या लोंबकळत स्थिर झाल्या. शेवटचे दोन-चार मणी टपटपले आणि थांबले.

त्या शांततेत ते आलं. आधी तळव्याला एक हलकी टकटक, बाकाच्या दुसऱ्या टोकावरून कुणी बोटानं करावी तशी. मी श्वास धरला. मग खालची फरशी आडवी झुलली, फार नाही, एखाद्या झोळीइतकी. कुणीही हात न लावता जाळ्या हलल्या आणि त्यांतून एक-एक बेदाणा खाली पडू लागला. तासगावात इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ते अनुभवत होते. आईचा आवाज आधी येऊन पोचला होता, आणि त्याच्या मागोमाग ती लाट खडकाखडकातून चालत, तिच्याच मनातल्या वाटेनं आली होती. किती सेकंद गेले, मी मोजले नाहीत. मी भूगोलाची शिक्षिका, पण त्या वेळी मला फक्त एवढंच कळत होतं, की हे तिच्या पायाखालून आलंय आणि ती तिथं आहे की नाही हे मला माहीत नाही.

"शोभे," फोनमधून आवाज आला. धाप लागलेला, खोकणारा. "हाललं का गं तिकडं?"

"व्हय आई," मी म्हणाले. "हाललं. खरंच हाललं." मी रडत होते आणि शेडवरच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"मागली भित बसली बग. पार चुलीवर." ती पुन्हा खोकली. "चा व्हता गं चुलीवर."

ती तासगावला आली. भिंत बांधून होईस्तोवर, असं बजावून आली. आमचे हे जीप घेऊन गेले होते. येताना आई पुढं बसली, मांडीवर तांब्या आणि फुलपात्र. जनाक्का आपल्या अंगणात उभी होती. तिचं घर पत्र्याचं, हलकं. त्याला पडायची भीती नाही. दोघी फार काही बोलल्या नाहीत, असं हे म्हणाले.

पहिल्याच उन्हाळ्यात आईनं आमचं रान पाहिलं. काळी जमीन उन्हानं तडकून हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ती बांधावर उभी राहून म्हणाली, "हितं तर सगळंच फाटलंय, आन् मला म्हनतीस हालत न्हाई!" पावसात त्या आपोआप मिटतात हे तिला पटायला अख्खा पावसाळा जावा लागला. फळीवर तिनं तांब्या मांडला, वर फुलपात्र, जरासं कलतं. रोज सकाळी त्याच्याकडं बघायची. ते कधी किणकिणलं नाही. कधी कधी दुपारी ती जमिनीवर पालथा तळवा ठेवून बसायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई. गप हाय लय." जिवंत माणूस अंथरुणात हालचाल न करता पडलं की आपण जसे पुन्हा पुन्हा वाकून बघतो, तशी ती आमच्या जमिनीकडं बघायची. खोरंही त्या वर्षी शांत होतं. भिंत अजून बांधलेली नाही. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

तिला मी भिंतीखालून काढलं, याचं समाधान मला आहे. मला ते लपवायचं नाही. पण मी तिला तिच्या हलण्यातूनही काढलं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

परवाची गोष्ट. जनाक्काला तिच्या मुलानं या संक्रांतीला मोबाइल घेऊन दिलाय. दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि आई समोर बसून बेदाण्याचे देठ खुडत होती. फोन वाजला. तिचे हात चिकट, म्हणून मी तो उचलून तिच्यापुढं धरला आणि आवाज मोठा केला.

"इंदे? हाललं का गं तिकडं? हितं आत्ता हाललं. माझी खाट सरकली."

आईनं फळीकडं पाहिलं. मीही पाहिलं. तांब्यावर फुलपात्र तसंच कलतं, गप्प. आईनं चिकट तळवा फरशीवर टेकवला आणि वाट बघत बसली. मी मनात मोजायला लागले. दहा. वीस. पंचवीस. चाळीस. पहिली लाट यायची वेळ गेली, दुसरीची गेली. फुलपात्र हललं नाही.

"हॅलो? इंदे? हाललं का न्हाई?"

जनाक्काच्या मागं तिचं अंगण ऐकू येत होतं. एक कोंबडी, थोडा वारा. आईनं हळूच मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. सगळ्या खिडक्या, सगळी कपाटं, ती शेळी, तो सांडलेला चहा, सगळं त्या एका बघण्यात आलं. मला नजर उचलता येईना. समोर कुणाचा तरी पेपर होता, त्यात लाटांची आकृती होती, आणि मी लाल पेन धरून तिच्याकडं बघत राहिले.

मग आई फोनजवळ वाकली.

"व्हय गं, हाललं की," ती म्हणाली. "भांडं वाजलं हितं. चांगलं वाजलं."

"म्हंजी तुझ्यापातुर आलं म्हनायचं!" जनाक्का म्हणाली. त्या आवाजातला आनंद माझ्या ओळखीचा होता.

फोन ठेवल्यावर आई पुन्हा देठ खुडायला लागली. तिनं एक मूठभर बेदाणे साफ करून बाजूला ठेवले, दुसरी मूठ घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"येकटीच हाय गं ती तिथं."